स्विफ्टसाठी जुने मॅगव्हील: वाडीचं बिनपाटीचं दुकान, पाचपैकी चार

दुकानाला पाटीच नाही तर नाव काय लिहू. अमरावतीकडून नागपूरला जाताना वाडी लागते, जिथं ट्रान्सपोर्टचे ट्रक रस्त्याच्या दोन्ही बाजूला उभे असतात, तिथं आतल्या एका गल्लीत टिनाचं शेड आहे, समोर रिमांच्या चळती अन् एका घिसलेल्या टायरवर पांढऱ्या पेंटनं 'मॅगव्हील' लिहिलेलं, बस. तिथून दोन जुने मॅगव्हील (म्हणजे लोखंडाऐवजी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम) घेतले त्याला चार महिने झाले, गाडी सहा हजार किलोमीटर चालली, म्हणून आता लिहून राहिलो. नाहीतर सामान घरी आणलं की त्याच संध्याकाळी पाच स्टार देऊन मोकळे होणारे लय आहेत.

गाडी माझी स्विफ्ट झेडडीआय, 2014 ची डिझेल, मी सेकंडहँड घेतलेली. ह्या वरच्या मॉडेलला कंपनीचे 15 इंची मॅगव्हील होते, टायर 185/65 आर 15. खालच्या मॉडेलला लोखंडी 14 इंची अन् टायर 165/80 आर 14. डिक्कीतली स्टेपनी मात्र लोखंडी 14 ची निघाली, ते पुढं कामात आलं.

गाव माझं तिवसा तालुक्यात, हायवेपासून नऊ किलोमीटर आत. हायवे मख्खन, पण ते नऊ किलोमीटर म्हणजे गाडीची परीक्षा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरीचा लाकडी बैल घेऊन सासुरवाडीला निघालो होतो, नाल्याच्या रपट्यावरून पाणी जात होतं, वीतभरच होतं म्हणून घातली गाडी, अन् पाण्याखाली खड्डा. असा आवाज आला की पोरगी बैल टाकून रडायला लागली. डिझेलच्या गाडीचं तोंड आधीच जड, डाव्या पुढच्या चाकाची आतली कड वाकली अन् वाकल्या जागी बोटभर चीर. टायर सलामत. फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं चाक पाण्यात बुडवलं, बुडबुडे पाहिले अन् म्हणे, "टायर सई हाय भाऊ, रिम गेली तुमची."

शोरूमात नवीन एकाचे साडेसात हजार सांगितले, वरून पंधरा दिवस थांबा. सोयाबीन वावरात उभं, हातात पैसा नाही, म्हणून मी आधी आर्गन वेल्डिंग करून घेतलं, सहाशे रुपयात. हे करू नका. म्हणजे बाहेरच्या कडेला टवका गेला असेल, नुसतं दिसायचं काम असेल तर ठीक आहे, पण चीर गेलेल्या रिमला वेल्डिंग म्हणजे त्याच्या आजूबाजूचा धातू तापून नरम पडतो, मॅगव्हीलला कारखान्यात तापवून थंड करून जो कडकपणा दिलेला असतो तो त्या जागी निघून जातो. माझी रिम दीड महिना टिकली. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या गर्दीत हळूहळू चाललो होतो तरी वेल्डिंगच्या बाजूनंच नवीन चीर गेली. नशीब तेव्हा वेग वीसचा होता. दुसऱ्या दिवशी धामणगावहून समृद्धीवर चढायचा बेत होता, तिथं कारला 120 ची मुभा आहे, अन् तिथं हे झालं असतं तर हे लिहायला मी नसतो.

आता मुख्य घोळ, तो वाडीचा नाही, त्याच्या आधीचा आहे. अमरावतीत एका दुकानदारानं (नाव नाही टाकत, कायले उगाच) मला 15 इंची मॅगव्हील दाखवला, चार होल, चमकते, किंमत तीन हजार. मी विचारलं स्विफ्टला बसते का. तो म्हणे, "बसते नं! हंड्रेडची पीसीडी हाय, कायले डोकं लावता." (पीसीडी म्हणजे नटांच्या होलांच्या मधोमधून जाणाऱ्या गोलाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) आणि मी गाढवासारखा घेतला, पोत्यात घालून एसटीनं आणला, कंडक्टरनं विचारलं काय आहे, म्हटलं रिम आहे, त्यानं लगेजचं तिकीट फाडलं. फाट्यावर टायर चढवला, चाक लावलं, आणि बसलं! चारही नट आवळले. मी खूष.

सत्तरपर्यंत काही नाही. ऐंशी झाले की स्टेअरिंग थरथर कापायला लागायचं, नव्वदला तर हातात दही घुसळून राहिलो असं वाटायचं. बॅलन्सिंग दोनदा केलं. अलाइनमेंट केलं. कोणी म्हणे बेअरिंग गेलं, कोणी म्हणे टायरला फुगा आहे. आणि दोनशे किलोमीटरवर सहज पाना लावून पाहिला तर दोन नट ढिले. तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

हा चाकाचा सगळा उलगडा वाडीच्या दुकानवाल्या काकांनी केला, म्हणून हे परीक्षण त्यांच्या नावावर.

काकांकडं गेलो तेव्हा नोव्हेंबर होता, संत्र्याच्या गाड्या हायवेनं नागपूरकडं लागलेल्या. स्टेपनी पुढं लावून गेलो, डिक्कीत तुटलेली रिम आणि हा चमकता चाक दोन्ही. (14 ची स्टेपनी 15 च्या जोडीला चालते का, तर चालते, मी कॅल्क्युलेटरवर करून पाह्यलं. 165/80 आर 14 ची पूर्ण उंची होते 619.6 मिलिमीटर, 185/65 आर 15 ची 621.5. दोनच मिलिमीटरचा फरक. रुंदी कमी आहे म्हणून ब्रेक मारताना जपून, पण नागपूर गाठता येते.) मी म्हटलं काका, स्विफ्टचं मॅगव्हील पाहिजे, काय भाव. काकांनी वरही पाहिलं नाही, म्हणे, "जुना आणला काय? आणला असन तं काढ. भाव मंग."

हे मला पयलं आवडलं. भाव सांगायच्या आधी माप.

खिशातून व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, काढला. माझ्या तुटलेल्या रिमच्या मधल्या भोकात टाकला, 54.1 मिलिमीटर. मग अमरावतीवाल्या चाकात टाकला, 56.1. माझ्याकडं पाहून म्हणे, "हे होंडा सिटीचं हाय बाबू." मग मला समजावलं, आणि मी जेवढं समजलो तेवढं लिहितो. मधलं भोक असते ते हबच्या (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याच्या) उंचवट्यावर गच्च बसलं पाहिजे, चाकाला मधोमध धरून ठेवायचं काम तो उंचवटा करतो, नट फक्त दाबून धरतात. भोक दोन मिलिमीटर मोठं म्हणजे चाक चारही बाजूनं एकेक मिलिमीटर लोंबकळते, नट आवळताना जिकडं सरकलं तिकडंच बसते. मग बॅलन्सिंग किती करा, मशीनवर चाक मधोमध असते अन् गाडीवर नसते. ह्याच्यासाठी प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग मिळते, भोकात बसवायची, बाहेरून 56.1 आतून 54.1. म्हटलं मग रिंग टाकून द्या ना.

तर काकांनी एक नट हातात घेतला. मारुतीचा नट खाली टेपर, म्हणजे शंकूसारखा निमुळता, आणि कंपनीच्या मारुती मॅगव्हीलमध्ये नटाची बैठकही तशीच निमुळती. होंडाची कंपनीची बैठक गोल, वाटीसारखी, तिला गोल बुडाचा नट लागते. माझे निमुळते नट त्या वाटीत फक्त एका रेघेवर टेकून होते. बाहेरून आवळलेले दिसतात, पान्याला कडक लागतात, पण धरतात रेघेवर, आणि धक्के बसले की ती रेघ घासून नट ढिला. ते माझे दोन ढिले नट तेच. बैठकीत बोट फिरवून पाह्यलं तर खरंच गोल खूण उठलेली. मी म्हटलं बरं, मग होंडाचेच नट घेतो. काका हसले. होंडाच्या बोल्टचे आटे 12 बाय 1.5, मारुतीचे 12 बाय 1.25. जाडी सारखी, आटे वेगळे. दोन-चार फेरे जबरीनं जाते अन् मग बोल्टाचे आटेच खाऊन टाकते.

म्हणजे पीसीडी हंड्रेड, होल चार, साइज 15, सगळं बरोबर, आणि तरी चाक माझ्या गाडीचं नव्हतंच. 'बसते' हा शब्द ह्या धंद्यात फार स्वस्त झाला आहे.

तिथं अजून एक पोट्टा आला होता, त्याला इकोस्पोर्टचे मॅगव्हील त्याच्या आय-20 ला पाहिजे होते, फोटोत भारी दिसत होते म्हणे. इकोस्पोर्टची पीसीडी 108, आय-20 ची 100, होल दोघांचेही चारच. काकांनी त्याला गिऱ्हाईक असून परत पाठवलं. म्हणजे दुसरा कोणी असता तर होल कोरून दिले असते, असे लोक आहेत. चार होलचं माप घरी काढायचं असेल तर सोपं आहे: एका होलाच्या बाहेरच्या काठापासून समोरच्या होलाच्या आतल्या काठापर्यंत पट्टी लावा, येईल तो आकडा पीसीडी. पाच होलला असं सरळ निघत नाही, समोरासमोर होलच नसते, तिथं शेजारशेजारच्या दोन होलांच्या मध्यबिंदूतलं अंतर घेऊन 1.7 नं गुणा. माझ्या साळ्याची ब्रेझा आहे, तिची पाच होल 114.3, तो म्हणायचा माझे जुने तुला देतो. मायबाप, होलच एक जास्त!

तर काकांच्या चळतीत स्विफ्टचे 15 इंची ओरिजिनल पाच होते. पाचही चकाचक चांदी रंगाचे, आणि मला तिथंच संशय आला, कारण जुना माल इतका चकाचक कसा. काका म्हणे रंग मारला आहे, लपवत नाही, पण रंगाखाली काय आहे ते पाहून घे. मग त्यांनी जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. रिम उलटी करून आतली कड अन् स्पोकची मुळं पॉलिश पेपरनं घासून उघडी केली, त्याच्यावर डिझेल लावलं (पयले रॉकेल लावायचे, आता रॉकेल मिळतेच कुठं), दहा मिनिटं ठेवलं, कापडानं कोरडं पुसलं आणि वरून खडूची भुकटी भुरभुरली. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू वर येते अन् पांढऱ्या भुकटीवर बारीक काळी रेघ उमटते. पाचपैकी एकावर उमटली. केसाएवढी. डोळ्याला दिसलीच नसती. त्यांनी ती रिम उचलली अन् भंगाराच्या ढिगात फेकली, माझ्या समोर.

उरलेल्या चार शेजारच्या अलाइनमेंटवाल्याकडं नेऊन टायर न चढवता बॅलन्सिंग मशीनवर फिरवल्या. हे महत्त्वाचं आहे, टायर चढल्यावर वाकडेपणा लपते. फिरत्या कडेजवळ खिळा धरायचा अन् कड खिळ्याजवळ येते-जाते का पाहायचं, आतली कड आधी, कारण खड्ड्यात मार तिलाच बसते. दोन रिम लहरत होत्या. म्हणजे पाचातून दोनच माझ्या कामाच्या निघाल्या. काका म्हणे लहरणाऱ्या ठोकून सरळ होतात, दुसरा कोणी घेईल. हे मला नाही आवडलं, पण माल त्यांचा, आणि माझ्यापासून तरी लपवलं नाही.

रिमच्या मागं पाहायला शिकलो तेही इथंच. मागं इंच, रुंदी अन् ईटीचा आकडा कोरलेला असते, तो ईटी म्हणजे चाक आत-बाहेर किती बसेल त्याचं माप. जुन्याचा आकडा अन् नव्याचा आकडा एकच पाहिजे, नाहीतर वळताना टायर आत घासते किंवा बाहेर निघून बेअरिंगवर ताण येते. आणि जेडब्ल्यूएलचा ठसा, जपानी मानकाचा, पुष्कळ चांगल्या मॅगव्हीलवर असते. नुसता ठसा पाहून घेऊ नका म्हणा, ठसा कोणीही ओतू शकते.

भाव: एकाचे 5,500 सांगितले, मी 3,500 म्हटलं, काका म्हणे चहा घे. चहानंतर 4,200. मग मी विचार केला की खड्डा पुढच्या पावसाळ्यातही तिथंच राहणार आहे, ग्रामपंचायत कुठं जात नाही, म्हणून दोन्ही घेतले, 8,000 ला. माझी तुटलेली रिम किलोच्या भावानं घेऊन 700 वळते केले. टायर चढवणं, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंगचे शेजारच्यानं वेगळे 400 घेतले. म्हणजे 7,700 मध्ये दोन चाकं, जिथं नवीन एकाचे साडेसात होते.

मग तक्रार कायची, एक स्टार काहून कापला, तर ऐका.

एक, टायर. दोन्ही रिम पाहून झाल्यावर त्यांच्या पोरानं हळूच एक टायर पुढं केला, "भाऊ हजारात देतो, नव्वद टक्के आहे." टायरच्या नक्षीचे गोटे खरंच उभे होते. पण टायरच्या बाजूला जे चार आकडे असतात ते मी वाचले, 2316, म्हणजे 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. इतक्या वर्षांचं रबर, गोट्यांच्या मधात बारीक भेगा. उन्हाळ्यात आमच्या इकडं पारा पंचेचाळीसला टेकते, तशा तापल्या रस्त्यावर ह्याचा काय भरवसा. पोराला आकडा दाखवला तर तो म्हणे "पडून होता, चाललेला नाही." रबर पडूनही म्हातारं होते रे बाबा. काकांना हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

दोन, बिल. आधी नुसती चिठ्ठी दिली, 'मॅग 2 नग' एवढंच. मी म्हटलं हे चाकं कोणत्या गाडीचे ते लिहून द्या, जुन्या मॅगव्हीलमध्ये चोरीचा माल किती फिरते सगळ्यांना माहीत आहे. काकांचं तोंड जरा वाकडं झालं, पण इन्शुरन्सवाल्यानं टोटल लॉस केलेल्या गाड्या ते लिलावात घेतात, त्याची फाइल होती, त्यातला गाडीनंबर चिठ्ठीवर लिहिला अन् सात दिवसांत काही निघालं तर बदलून देईन हेही लिहिलं. मागितलं म्हणून मिळालं. मागायला लागू नये.

तीन, पोरगा नट गनानं आवळते, कर्रर्र कर्रर्र करत, आकडा नाही काही नाही. मी थांबवून हातपान्यानं आवळायला लावले, समोरासमोरचे एकाआड एक, गाडी जॅकवर असतानाच हलके अन् खाली उतरवून पक्के. मॅगव्हीलचे नट शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा पाहायचे असतात, हे दुकानात कोणी सांगितलं नाही. कोंढाळीला चहाला थांबलो तेव्हा एकदा पाहिले अन् गावी पोचल्यावर पुन्हा. एकही हलला नव्हता.

अन् वेळ लय गेला. सकाळी दहाला गेलो तो दोनला सुटलो, बसायला जागा नाही, टिनाखाली भट्टी. नागपूरला जाऊन तर्रीपोहे सुद्धा खाणं झालं नाही त्या दिवशी. रंगही थोडा फिका पडते बाकी दोन चाकांपेक्षा, बायको म्हणते डावी बाजू नवी अन् उजवी जुनी दिसते. दिसू दे.

येताना मी बाजारगावच्या पुढं गाडी मोकळी सोडली. ऐंशी, नव्वद, शंभर. स्टेअरिंग दगडासारखं गप. मी दोन मिनिटं हात हलकाच ठेवून बसलो, सवय लागली होती ना थरथरीची, काहीतरी चुकल्यासारखंच वाटत होतं.

चार महिन्यांत हवा एकदाही आपोआप उतरली नाही. बॅलन्सिंगचं चिकटवलेलं एक वजन पडलं, फाट्यावरच्यानं दुसरं लावलं. अमरावतीवाल्याकडं होंडाचा चाक परत न्यायला गेलो होतो, तो म्हणे एकदा टायर चढला की परत नाही, वरून मलाच म्हणे "बसला तर होता ना." वाडीच्या काकांनी त्याचे दीड हजार देऊ केले होते ते मीच नाही घेतले.

तो आता कोठ्यात पऱ्हाटीच्या मागं ठेवला आहे. रिम सरळ आहे, डिझेल-भुकटीची परीक्षा मी स्वतः केली, नटाच्या बैठकीवर माझ्या नटांची हलकी खूण आहे ती आधीच सांगतो. होंडा सिटीवाल्या कोणाला पाहिजे असेल तर दोन हजारात देतो, आपला जुना घेऊन या, मोजून न्या.